रिपोर्टमधला ‘अनस्टेबल’ कशावरून आला?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, तंबाखू-चुन्याची डबी अजून खिशात असते. मुलीने हौसेने त्यांची ‘फुल बॉडी चेकअप’ करवली, त्या पॅकेजात मानेची कलर डॉपलरही (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होती. रिपोर्टमध्ये लिहून आलं की डाव्या इंटर्नल कॅरोटिडच्या (मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या) सुरुवातीला मऊ, काळसर प्लाक (भिंतीत साचलेला चरबीचा थर) आहे. एरिया स्टेनोसिस (अडथळा) ५५ टक्के, तिथला रक्ताचा कमाल वेग (पीएसव्ही) सेकंदाला १४२ सेंटिमीटर, खालच्या मूळ धमनीत, म्हणजे कॉमन कॅरोटिडमध्ये, ७८. आणि शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘अनस्टेबल प्लाक’, म्हणजे फुटण्याजोगा. वडिलांना त्रास कसलाच नाही. फॅमिली डॉक्टर म्हणतात, गोळ्या सुरू करू. मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला असलेला आत्तेभाऊ म्हणतो, मऊ आहे म्हणजे फुटणारच, अँजिओग्राफी करून स्टेंट टाकून मोकळे व्हा. या ओढाताणीत वडिलांनी सकाळचं चालणं सोडलंय आणि मान वळवायलाही ते घाबरतात. मुलगी विचारते: हे कधीही फुटेल का? पुन्हा सोनोग्राफी करावी, सीटी करावी की एमआरआय? आणि काका व भाऊ यांनीही ही तपासणी करून घ्यावी का?

तुम्ही रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, ते फार बरं केलंत. कारण शेवटच्या ओळीतला शब्द आणि वरचे आकडे यांचा मेळ बसत नाही.

आधी ते ५५ टक्के बघू. रिपोर्टमध्ये ‘एरिया’ असं लिहिलंय, म्हणजे नळीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ किती भरलं तो हा आकडा. डॉक्टर मंडळी शस्त्रक्रियेचा विचार करताना ज्या टक्क्यांवर बोलतात ते मात्र व्यासाचे असतात. नळी गोल धरली, तर क्षेत्रफळाचे ५५ टक्के म्हणजे व्यासाचे जेमतेम ३३ टक्के. क्षेत्रफळ ७५ टक्के भरतं तेव्हा कुठे व्यास निम्मा होतो. शिवाय कॅरोटिडची सुरुवात मुळातच फुगीर असते. मोठ्या चाचण्यांनी वापरलेल्या पद्धतीत तुलना या फुगीर भागाशी करत नाहीत, वरच्या सरळ, निरोगी भागाशी करतात. तसं मोजलं तर तुमच्या वडिलांचा आकडा आणखी खाली येईल. दोन रिपोर्टांतला ‘५५’ हा एकच आकडा दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगू शकतो, आणि घरोघरी उडणाऱ्या घबराटीचं निम्मं मूळ इथेच असतं.

आता वेग. २००३ साली अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांनी एकमताने ठरवलेलं कोष्टक आपल्याकडेही सर्रास वापरतात. त्यात १२५ ते २३० हा वेग म्हणजे ५० ते ६९ टक्के अडथळा, २३० च्या वर म्हणजे ७० टक्के किंवा जास्त. तुमचे १४२ पहिल्या घरात बसतात. पण त्याच कोष्टकात आणखी एक रकाना आहे: वरचा वेग भागिले खालचा वेग. तो २ ते ४ असेल तर ५० ते ६९ टक्के. तुमचा येतो १४२ भागिले ७८, म्हणजे १.८. वेग म्हणतो पन्नाशीच्या वर, गुणोत्तर म्हणतो पन्नाशीच्या आत. नुसत्या १२५ च्या रेषेने अडथळा वाजवीपेक्षा जास्त धरला जातो, हे पुढे लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या इंटरसोसायटल ॲक्रेडिटेशन कमिशनने ५० टक्क्यांसाठी ती रेषा १८० वर नेण्याची शिफारस केली. १२५ ठेवायची असेल तर गुणोत्तरही २ किंवा जास्त हवं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत यातली एकही अट पुरी होत नाही.

हा वेग थेट मोजलेला नसतो, तो कोनावरून हिशेबाने काढलेला असतो. प्रोबमधून (मानेवर टेकवतात त्या उपकरणातून) जाणारी लहर आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला कोन ६० अंश किंवा कमी ठेवायचा असतो. तंत्रज्ञाने पडद्यावर ६० चा कोन लावला, पण प्रवाह प्रत्यक्षात ५५ चा असला, तर वेग सुमारे १५ टक्के जास्त दिसतो. १२४ चे १४२ व्हायला एवढं पुरतं.

आता मूळ मुद्दा, ‘अनस्टेबल’ म्हणजे काय? रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा लगदा साचतो आणि त्यावर तंतूंचं पातळ झाकण असतं. लगदा मोठा, झाकण पातळ, आत सूज, आणि भिंतीत उगवलेल्या बारीक नाजूक रक्तवाहिन्यांमधून रक्तस्राव, असं सगळं जुळून आलं की झाकण फाटण्याची शक्यता वाढते. फाटलं की तिथे गुठळी धरते आणि तिचा तुकडा वर मेंदूत जातो. मानेतल्या प्लाकमुळे येणारा पक्षाघात बहुतेक वेळा असा येतो. नळी हळूहळू बुजून रक्त कमी पडल्यामुळे तो क्वचितच येतो. त्यामुळे केवळ टक्के न बघता प्लाकचा पोत बघायला हवा, हा विचार योग्यच आहे. त्या बाबतीत तुमचा आत्तेभाऊ चुकीचं बोलत नाही.

पण सोनोग्राफीला झाकण दिसतं का? १० मेगाहर्ट्झच्या लहरीची शरीरातली लांबी साधारण ०.१५ मिलिमीटर. धोकादायक झाकणाची जाडीही त्याच घरातली, ०.२ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. ज्या पट्टीवरची एक खूण ०.१५ ची, तिने ०.२ चं झाकण खात्रीने कसं मोजणार? म्हणून सोनोग्राफी झाकण न बघता करड्या रंगावरून अंदाज बांधते. चरबी आणि साकळलेलं रक्त प्रतिध्वनी कमी देतं, ते काळं दिसतं. तंतू पांढुरके दिसतात, कॅल्शियम लखलखीत, आणि त्याच्या मागे सावली पडते. गोम अशी की लगदाही काळा आणि रक्तस्रावही काळा. एक दुसऱ्यापासून वेगळा काढणं नेहमीच्या सोनोग्राफीला भरवशाने जमत नाही.

या करडेपणाचीही एक शिस्त आहे. १९८८ साली ग्रे-वील आणि सहकाऱ्यांनी प्लाकचे चार प्रकार केले: पहिला जवळजवळ पूर्ण काळा, दुसरा बहुतांशी काळा, तिसरा बहुतांशी पांढरा, चौथा सगळा पांढरा. कॅल्शियमच्या सावलीमुळे आतलं काही दिसतच नाही तो पाचवा, तो पुढे जोडला गेला. चांगल्या रिपोर्टमध्ये हा प्रकार लिहिलेला असतो. त्याहून नेमकी मोजणी म्हणजे ग्रे स्केल मीडियन, जीएसएम. चित्र संगणकावर घेऊन वाहत्या रक्ताला ० आणि भिंतीच्या बाहेरच्या चकाकत्या थराला १९० धरून रंगांची पट्टी नव्याने जुळवायची, मग प्लाकभोवती रेघ ओढून आतल्या ठिपक्यांची मधली किंमत काढायची. ती २५-३० च्या खाली गेली तर प्लाक काळा, म्हणजे जास्त धोक्याचा समजतात.

ही जुळवाजुळव न करता नुसत्या डोळ्यांनी ‘काळा’ म्हटलं, तर गेनचं (चित्राचा उजळपणा ठरवणारं) बटण किती फिरवलं होतं यावर सगळं येऊन ठेपतं. गेन कमी ठेवला की पांढरा प्लाकही काळपट होतो, जास्त ठेवला की काळा प्लाक धुक्यात हरवतो. प्रोब भिंतीला काटकोनात नसेल तर बाहेरचा थर चमकतच नाही, मग १९० ची खूण लावायची कशाला? रंगीत डॉपलर चालू असलेल्या चित्रावर जीएसएम काढता येत नाही, कारण रंग काळ्या प्लाकवर पसरून तो झाकून टाकतो. उलटही घडतं. अगदी काळा प्लाक साध्या चित्रात रक्तासारखाच दिसतो आणि निसटतो. रंग लावल्यावर प्रवाहात जो खड्डा पडतो, त्यावरून तो सापडतो. म्हणून अनुभवी माणूस दोन्ही चित्रं बघतो, उभ्या आणि आडव्या दोन्ही छेदांत. पॅकेजमधल्या पाच मिनिटांच्या तपासणीत हे होत नाही.

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये ना प्रकार लिहिलाय, ना जीएसएम, ना पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत ते. म्हणजे ‘अनस्टेबल’ हा ‘काळसर’चाच ठळक अक्षरांतला अनुवाद आहे.

समजा प्लाक खरोखरच काळा निघाला, मग? लक्षणं नसलेल्या रुग्णांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काळ्या प्लाकमुळे त्या बाजूच्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट आढळला. दुप्पट म्हटलं की पोटात गोळा येतो, पण दुप्पट कशाच्या? चांगली औषधं चालू असताना लक्षणं नसलेल्या अडथळ्यातून वर्षाला शंभरात साधारण एकाला पक्षाघात होतो. सर्वांत उपयोगी तपशील २०१० च्या सुमारास आलेल्या एसीएसआरएस या अभ्यासातून मिळाला. त्यात ५० टक्क्यांच्या वर अडथळा असलेली, पण लक्षणं नसलेली ११२१ माणसं होती. प्लाकचा जो काळा भाग थेट रक्तप्रवाहाला लागून आहे, वर पांढरं झाकण दिसत नाही, त्याचं क्षेत्रफळ त्यांनी मोजलं. ते ४ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वर्षाला ०.४ टक्के पक्षाघात, १० च्या वर असेल तर ५ टक्के. एकाच ‘काळ्या’ शब्दाच्या पोटात बारापटीचा फरक! आणि ही सगळी माणसं अडथळ्याच्या बाबतीत तुमच्या वडिलांच्या पुढे गेलेली होती, हे विसरू नका.

सोनोग्राफीच्या आणखी दोन जाती आहेत. एकीत शिरेतून सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे बारीक बुडबुडे सोडतात. ते रक्तवाहिनीबाहेर जात नाहीत, त्यामुळे प्लाकच्या आत ठिपके हलताना दिसले तर तिथे नव्या नाजूक वाहिन्या आहेत असं कळतं. दुसरीत कानशिलावर प्रोब धरून तासभर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा आवाज ऐकतात. गुठळीचा कण गेला की ‘चिक्’ असा आवाज येतो. २०१० च्या एसेस अभ्यासात, ७० टक्क्यांच्या वर अडथळा असलेल्यांत, असे आवाज ज्यांच्यात सापडले त्यांना त्या बाजूचा पक्षाघात वर्षाला ३.६ टक्के झाला आणि ज्यांच्यात नाही त्यांना ०.७ टक्के. उपयोगी चाचणी आहे, पण वयस्कर माणसांत कानशिलाचं हाड जाड असलं की काही ऐकूच येत नाही. तुमच्या वडिलांना आज या दोन्हींची गरज नाही.

स्टेंटबद्दल स्पष्टच लिहिते. आत्तेभावाच्या तर्कात एक मोठी गफलत आहे. मऊ प्लाकमध्ये स्टेंट फुगवणं हेच जास्त जोखमीचं असतं, कारण दाबाने लगदा बाहेर पडून वर जाऊ शकतो. २००४ च्या इकारोस या स्टेंटच्या रुग्णांच्या नोंदीत जीएसएम २५ किंवा कमी असलेल्यांत स्टेंटच्या वेळी पक्षाघात ७.१ टक्के झाले, त्याहून जास्त असलेल्यांत १.५ टक्के. तेव्हापासून साधनं सुधारलीत, हे खरं. २०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रेस्ट-२ चाचणीत तर लक्षणं नसलेल्यांमध्येही औषधांच्या जोडीला स्टेंट टाकल्याचा काहीसा फायदा दिसला. शस्त्रक्रियेचा तसा ठोस दिसला नाही. पण त्या चाचणीत घेतलेले सगळे रुग्ण व्यासाच्या ७० टक्क्यांच्या वरचे होते. युरोपातल्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या मार्गदर्शक सूचनाही पोत बघून शस्त्रक्रियेचा विचार करायला सांगतात तो ६० टक्क्यांच्या पुढे. तुमच्या वडिलांचा अडथळा या चर्चेच्या दारातही उभा नाही.

हाच प्रश्न सीटी आणि एमआरआयला लावा. उत्तर काहीही आलं तरी उपचार बदलणार आहे का? सीटी अँजिओग्राफी टक्के, कॅल्शियम आणि व्रण (प्लाकवरचे खड्डे) छान दाखवते, पण आयोडीनचं औषध द्यावं लागतं आणि मधुमेही माणसाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी बघावं लागतं. प्लाकमधला रक्तस्राव ओळखण्यात एमआरआय सर्वांत सरस. चरबीचा उजेड दाबून घेतलेल्या टी-१ नावाच्या प्रकारच्या चित्रांत तो पांढरा चमकतो. पण नुसत्या ‘नेक एमआरए’त (मानेच्या रक्तवाहिन्यांच्या एमआरआयमध्ये) हे येत नाही, प्लाकसाठीची वेगळी चित्रं मागावी लागतात. नव्या सोनोग्राफीत व्यासाचा अडथळा खरंच ६० च्या पुढे निघाला, किंवा लक्षण दिसलं, तर यातलं एक करावं. एरवी नको.

पुन्हा सोनोग्राफी मात्र करा. घाई नाही, महिन्याभरात केली तरी चालेल. जिथे रेडिऑलॉजिस्ट स्वतः प्रोब धरतो आणि रक्तवाहिन्यांचं काम नेहमी होतं, अशी जागा निवडा. उपाशी जावं लागत नाही. वडिलांना गळ्याशी मोकळा सदरा घालू द्या, गळ्यातली चेन-माळ घरीच ठेवा. दोन्ही बाजू नीट बघायला अर्धा तास लागतो. आधीच सांगा की रिपोर्टमध्ये एवढं हवं: अडथळा व्यासाचा की क्षेत्रफळाचा, दोन्ही ठिकाणचे वेग आणि गुणोत्तर, प्लाकची जाडी व लांबी मिलिमीटरमध्ये, ग्रे-वीलचा प्रकार, पृष्ठभाग, आणि कॅल्शियमची सावली पडून काही भाग दिसला नाही का. व्रण लिहिला तर त्याचं माप विचारा; रूढ व्याख्येत खड्डा २ मिलिमीटर खोल आणि २ मिलिमीटर लांब लागतो, नुसत्या खडबडीतपणाला व्रण म्हणत नाहीत. चित्रं सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, छापील कागदावरचा करडा रंग निरुपयोगी असतो. पुढची तपासणी साधारण वर्षाने, शक्यतो त्याच जागी, त्याच मशीनवर. जागा बदलली की प्लाक वाढला की मोजणाऱ्याचा हात बदलला, हे कळत नाही.

आता ज्यावर खरं लक्ष हवं ते. प्लाक काळा असो की पांढरा, तो तिथे आहे एवढ्यावरूनच हृदयाच्या धमन्यांतही तसंच काही असणार असं धरून चालावं लागतं. अशा माणसाला पक्षाघातापेक्षा हार्ट अटॅकचा धोका बहुधा जास्त असतो, आणि मानेतला स्टेंट त्यावर काहीच करत नाही. फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या दोन्हीकडे काम करतात. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने) चरबीचा लगदा आकसतो, तंतू वाढतात. काही महिन्यांनी प्लाक सोनोग्राफीत अधिक पांढरा दिसू लागतो, हेही मोजलं गेलंय. मात्र डोस नावापुरता नको. ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम हा जोरदार डोस. कितीने सुरू करायचा ते डॉक्टर वय, यकृत आणि मूत्रपिंड बघून ठरवतील. साधारण दोन महिन्यांनी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पुन्हा तपासा, ७० च्या खाली आलं पाहिजे. नाही आलं तर इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नाही. ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते. रक्तदाब १३०/८० च्या आसपास. ॲस्पिरिन द्यायची की नाही, हे पोटातल्या अल्सरचा इतिहास बघून डॉक्टरांना ठरवू द्या, मनाने सुरू करू नका. आणि ती तंबाखूची डबी! डॉपलरवर खर्च करून डबी खिशात ठेवणं म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम काढणं. १८०० ११२ ३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे, तिथे बोलून घ्या.

लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. प्लाक डाव्या बाजूला आहे, म्हणून उजवा हात किंवा पाय लुळा पडणं, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळणं, शब्द न सुचणं किंवा बोबडं बोलणं, आणि डाव्या डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखं होणं. नुसती चक्कर किंवा मान दुखणं यात येत नाही. असं काही झालं आणि दहा मिनिटांत बरं वाटलं, तरी त्याच दिवशी, त्याच तासाला सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा, त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी होईपर्यंत घरची ॲस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. अशा घटनेनंतर सगळा हिशेब बदलतो. तेव्हा ५० टक्क्यांच्या वरच्या अडथळ्यालाही शस्त्रक्रियेचा विचार होतो आणि ती दोन आठवड्यांच्या आत झालेली बरी असते.

वडिलांना चालायला आजपासूनच पाठवा. चालण्याने प्लाक फुटत नाही, रोजच्या कामात मान वळवल्यानेही नाही. फक्त दाढी झाल्यावर न्हावी मान धरून कडकड मोडतो, ते कायमचं बंद. त्या झटक्याने निरोगी माणसाच्याही धमनीचं अस्तर फाटू शकतं. मानेवर जोरात चोळून तेल-मालीश नको, डोक्याला लावलं तर हरकत नाही.

काका आणि भाऊ यांची डॉपलर आत्ता नको. लक्षणं नसलेल्यांची सरसकट अशी तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२१ मध्येही पुन्हा सांगितलंय, कारण त्यातून निष्पन्न होतात ती बहुतेक अशीच पत्रं. त्यांनी रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल करून घ्यावं. काका किंवा भाऊ यांच्यापैकी कुणाला डोळ्यापुढे पडदा किंवा हात लुळा पडल्याचं कधी जाणवलं असेल, तर मात्र त्यांची डॉपलर थांबवू नका. हा प्रश्न त्यांना आज फोन करून विचारा; ‘झालं होतं एकदा, पण लगेच बरं वाटलं’ असं उत्तर येतं, ते हसण्यावारी नेऊ नका.